मॅडम, तुमचा बर्फ कारखान्यातला नव्हता

मॅडम, तुमच्या गावी, कोल्हारला, प्रवरेच्या काठी तुमच्या दशक्रियेला एका पुढाऱ्यानं माईक हातात घेतला आणि सांगितलं की, ताईंच्या जाण्यानं बर्फ उद्योगाची कधीही भरून न येणारी हानी झाली आहे.

मी मागं बायकांमध्ये बसले होते. आधी वाटलं, भोंग्याच्या घरघरीत माझ्याच ऐकण्यात चूक झाली. पण ते पुढं बोलतच राहिले. "आपल्या भागातले दूधसंघ असतील, आइस फॅक्टऱ्या असतील, या सगळ्यांना ताईंच्या संशोधनाचा उद्या मोठा उपयोग होणार होता." समोर बसलेल्या माणसांनी माना हलवल्या. तुमच्या भावानंही हलवली. आमचे विभागप्रमुख सर पहिल्या रांगेत होते, त्यांनी मान हलवली नाही, पण तोंडही उघडलं नाही. मी उठले. शेजारच्या मावशींनी माझा हात धरून मला खाली ओढलं.

"खाली बस गं. सायेब बोलत्यात."

"ते चुकीचं बोलतायत मावशी."

"मग? मेल्यालं मानूस उठून सांगनार हाय का? बस."

साहेबांना अजून दोन दशक्रिया करायच्या होत्या. गाडी चालूच ठेवलेली होती. त्यांनी खिशातल्या कागदावर तुमचं नाव परत एकदा बघून घेतलं, हात जोडले आणि गेले. त्यांच्यामागं निम्मा मंडप रिकामा झाला.

मला तेव्हापासून राग आला आहे, आणि तो उतरत नाही. तुमच्याबद्दल चार चांगले शब्द लिही, विभागाच्या भिंतीवर लावू, असं सरांनी सांगितलं होतं. मी लिहायला बसले, पण तुमच्याबद्दल लिहिताच येईना. तुमच्याशी बोलतानाच मला सगळं सुचतं, म्हणून हे तुम्हालाच लिहिते आहे. भिंतीवर लावायचं की नाही ते त्यांनी ठरवावं.

त्याच दिवशी घाटावर चहा घेताना सर मला म्हणाले, "कांचन, प्रोजेक्टचं टेन्शन घेऊ नकोस. गाईड म्हणून माझं नाव टाकू. विषय पण जरा बदलू, ठिबक वगैरे काहीतरी घेऊ. विद्यापीठाच्या स्पर्धेला लोकल विषय असला की परीक्षक खूश असतात."

तुमच्या राखेला दहा दिवस झाले होते, मॅडम. चहाच्या एका कपात तुमचं नाव आणि तुमचा बर्फ, दोन्ही काढून टाकायचं ठरलं होतं. फॉर्म पुढच्याच आठवड्यात भरायचा होता. मी "बघते सर" एवढंच म्हणाले. तुम्हाला माहीत आहे, मोठ्या माणसांसमोर माझा आवाज निघत नाही.

मी तुमच्याकडं आले तीही काही बर्फाच्या ओढीनं नाही. बाकीचे गट भरले होते. सौरऊर्जेच्या गटात जागा नव्हती, मातीपरीक्षणाच्या गटात तर नव्हतीच. तुमच्या नावापुढची यादी मात्र रिकामी होती. "हंगामी बर्फाच्या घनतेत काळानुसार होणारे बदल: एक गणिती मॉडेल." घरी आईला सांगितलं तर ती फार खूश झाली. शेजारच्या काकूंना सांगत सुटली, "आमची कांची बर्फावर शिकतीया. सुप्याला यमआयडीशीत लागंल बर्फाच्या फॅक्टरीत. आशी थंड नोकरी कुनाला भेटती?"

आईची चूक मला कळली, कारण तीच चूक मीही केली होती.

तुम्ही मला दूरच्या डोंगरातल्या एका केंद्राच्या नोंदी दिल्या होत्या. कुठल्या दिवशी बर्फाची जाडी किती, एवढंच त्यात होतं. म्हणालात, "यात पाणी किती साठलंय ते काढून आण." सोपं वाटलं. मी पुस्तकात बर्फाची घनता बघितली, पाण्याच्या नऊ-दशांश. जाडीला तिनं गुणलं आणि पानभर उत्तर घेऊन आले. तुम्ही ते बघितलं आणि स्टुलावर बसून इतक्या हसलात की प्रयोगशाळेतली पोरं वळून बघायला लागली.

"कांचन, अगं, तू अख्खा पंजाब बुडवलास!"

मग तुम्हाला माझा चेहरा दिसला आणि तुम्ही एकदम थांबलात. म्हणालात, "तुझी एकटीची चूक नाही ही. रसवंतीवर गोणपाटात गुंडाळलेली लादी असते तिलाही आपण बर्फच म्हणतो, आणि आभाळातून पिंजलेल्या कापसासारखा पडतो त्यालाही बर्फच. त्यात तर बहुतेक हवाच असते. इंग्रजीत दोन शब्द आहेत, म्हणून तिकडची पोरं ही चूक करत नाहीत."

"मग ती हुशार असतात का मॅडम?"

"छे. ती दुसऱ्या चुका करतात."

त्या एका वाक्यानं मी तुमच्याकडं टिकले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. माझी प्रत्येक चूक मला आमच्या गावाची, आमच्या घराची वाटायची. चुका सगळ्यांच्याच असतात, फक्त वेगवेगळ्या असतात, हे मला तोपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही गिरणीतून ज्वारीचं ताजं पीठ आणलंत. गरम, फुललेलं, डब्याच्या काठापर्यंत आलेलं. डबा प्रयोगशाळेतल्या कपाटात ठेवलात. दोन दिवसांनी उघडला तर पीठ चार बोटं खाली गेलेलं.

"पीठ कमी झालं का?"

"नाही. बसलं."

"वजन?"

"तेवढंच."

"मग बदललं काय?"

मी म्हणाले, "जागा." तुम्ही म्हणालात, "हां. तेच आपलं काम. बर्फाची उंची कमी झाली म्हणून पाणी कमी झालं असं नाही. वरचा थर खालच्या थराला दाबतो, खालचा घट्ट होतो. घट्ट झाला की आणखी दाबायला जड जातं. थंडी असेल तर सावकाश बसतो, ऊब आली की पटपट बसतो. ताज्या बर्फाच्या चांदणीसारख्या कणांची टोकं तर वजन नसतानाही झिजतात आणि ते कण जवळजवळ येतात. हे सगळं गणितात मांडायचं. मग नुसती उंची मोजून पाणी सांगता येतं. उत्तरेतल्या नद्यांना उन्हाळ्यात किती पाणी येणार, ते यावरून कळतं."

घरी जाऊन मी आईला डब्याची गोष्ट सांगितली. आई म्हणाली, "गिरनीवाला पीठ मारतोय, आन तुझी म्याडम त्याचीच बाजू घेती व्हय?" मी ते तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही परत हसलात. म्हणालात, तुझ्या आईला एकदा घेऊन ये, मला भांडायचंय त्यांच्याशी. ते राहिलं. आई तुमच्या दशक्रियेला आली होती, मॅडम.

तुमच्या हसण्याचाही मला राग आहे, हे आता सांगून टाकते.

स्टाफरूममध्ये दर उन्हाळ्यात तोच विनोद व्हायचा. "मॅडम, आमच्या कुलरमध्ये घाला की थोडा तुमचा बर्फ." कोणी म्हणायचं, "कर्जतमध्ये राहून बर्फ! उद्या जहाजं बांधाल." तुम्ही प्रत्येक वेळी त्यांच्याबरोबर हसायचात. मी एकदा दारात वही घेऊन उभी होते. तुम्ही मला बघितलंत, तरी हसतच राहिलात. बाहेर आल्यावर मी विचारलं, "तुम्हाला वाईट नाही वाटत?" तुम्ही म्हणालात, "वाईट वाटून घेतलं तर त्यांना उत्तर द्यावं लागेल. तेवढ्या वेळात माझे दोन थर मोजून होतात."

तुम्ही उत्तर दिलं नाहीत, म्हणून ते माझ्याकडं साचून राहिलं. आज देते.

आम्ही दुष्काळी भागातली माणसं आहोत म्हणून आम्ही फक्त दुष्काळाचाच अभ्यास करायचा का? आमच्या डोक्यात फक्त ठिबक, शेततळं आणि चाराछावणी एवढंच मावतं, असं कोणी ठरवलं? पुण्यातला मुलगा ताऱ्यांचा अभ्यास करतो तेव्हा त्याला कोणी विचारत नाही की या ताऱ्याचा तुझ्या पेठेशी काय संबंध. त्याला नुसतं हुशार म्हणतात. आमच्याकडच्या मुलीनं तिच्या डोळ्यांनी न बघितलेल्या गोष्टीबद्दल विचार केला की लगेच उपयोग विचारतात. जणू विचार करायलाही आम्हाला रेशनकार्ड लागतं आणि त्यावर फक्त आमच्याच तालुक्याचा माल मिळतो.

मी ठिबकला नावं ठेवत नाही. आमच्याही रानात आहे. पण ते मला माहीत आहे. बर्फ मला माहीत नव्हता. मी शिकायला आले होते.

बघा, एवढं बोलायचं होतं. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "झालं? आता आलेख काढ."

आलेखावरूनच तर आपलं शेवटचं भांडण झालं. मला भांडण म्हणायला संकोच वाटतो, कारण मी विद्यार्थिनी. पण तुम्हीच म्हणायचात की पटलं नाही तर गप्प बसणं हा अभ्यासाचा अपमान आहे. आधी तर आपण शब्दावरूनच अडलो होतो. अहवाल मराठीत लिहायची परवानगी होती, आणि तुम्हाला तो मराठीतच हवा होता. बर्फ घट्ट होत जातो त्याला काय म्हणायचं? तुम्ही म्हणायचात, "बसणं." मला "मुरणं" हवं होतं.

"लोणचं आहे का ते?"

"पाणी पण मुरतं की मॅडम. आणि बसलं म्हटलं की काम संपल्यासारखं वाटतं. मुरतं म्हटलं की आत काहीतरी चालू आहे असं वाटतं."

"तुला काय वाटतं याचं मी मॉडेल करत नाहीये."

पण तुम्ही "मुरणं" खोडलं नव्हतंत. दोन्ही शब्द अहवालात तसेच राहिले, आलटूनपालटून.

मग ते एका हिवाळ्याचं प्रकरण झालं. पडताळून बघायला त्याच केंद्रात मोजलेली घनताही तुम्ही नंतर मिळवली होतीत. बाकीच्या सगळ्या हिवाळ्यांत आपलं मॉडेल आणि मोजलेले आकडे जवळजवळ जुळत होते. त्या एकाच हिवाळ्यात शेवटाकडं मोजलेली घनता आपल्या रेषेच्या बरीच वर उडी मारून गेली. मी म्हणाले, बर्फ दाबाला किती विरोध करतो तो स्थिरांक थोडा कमी करू, मग बर्फ लवकर बसेल आणि रेषा वर येईल. तुम्ही माझ्याकडं असं बघितलंत, जणू मी परीक्षेत शेजारच्याचं बघताना सापडले होते.

"आणि बाकीचे हिवाळे?"

"थोडेसे बिघडतील."

"म्हणजे एकाला खूश करायला सगळ्यांना वाकवायचं. आकडा वाकवू नकोस कांचन, कारण शोध. ऊन पडून पाणी आत गेलं असेल, खाली जाऊन गोठलं असेल. पाऊस झाला असेल."

"किंवा मोजणाऱ्याची चूक असेल."

"तेही असेल. पण ते तू सिद्ध कर. तुला सोयीचं आहे म्हणून समोरचा चुकलेला नसतो."

मला ते लागलं. मी म्हणाले, "आपण दोघींनी तर बर्फ बघितलासुद्धा नाही, तो माणूस तिथं उभा होता. मग त्याचं खरं, आपलं खोटं, असं लिहून टाकू." हे तुम्हाला लागलं, मला दिसलं. तुम्ही संगणक बंद केलात आणि म्हणालात, "सोमवारी बघू."

सोमवारी तुम्ही आलात, पण ताप घेऊन. टेबलाला धरून उभं राहून शिकवत होता. फळ्यावर लिहिताना अक्षर खाली खाली जात होतं. तास संपल्यावर मी म्हणाले, "मॅडम, घरी जा ना." तुम्ही म्हणालात, "अजून दोन तास आहेत गं." तुम्ही तासिका तत्त्वावर होता. जेवढे तास शिकवले तेवढाच पगार, आजारपण तुमचं तुमच्याकडं. एवढी वर्षं शिकवून तुम्हाला आजारी पडायचा हक्क नव्हता. मंगळवारीही तुम्ही आलात. बुधवारी आला नाहीत. डेंग्यू आहे हे नगरच्या दवाखान्यात कळलं, तोवर उशीर झाला होता.

मला कॉलेजचा राग आहे. ज्यांनी तुम्हाला टेबल धरून उभं राहिलेलं बघितलं आणि पुढं गेले, त्या सगळ्यांचा राग आहे. आणि मॅडम, मला तुमचाही फार राग आहे. सगळ्यात खालच्या थरावर वरच्या सगळ्या थरांचं वजन असतं, हे मला शिकवणारी बाई स्वतःच्या अंगावर काय साचतंय ते मोजत नव्हती? एक रक्ततपासणी केली असती तर काय झालं असतं? तुम्ही मला कारण शोधायला सांगितलंत, आणि स्वतःच्या तापाचं कारण शोधायला तुम्हाला वेळ नव्हता.

असं बोलू नये, मला माहीत आहे. पण तुमच्यासमोर मी कधी खोटं बोलले नाही, आता का बोलू?

काल मी सरांच्या केबिनमध्ये गेले. फॉर्मवर मार्गदर्शक म्हणून तुमचंच नाव लिहून नेलं होतं. विषय तोच, बर्फाचा. त्या एका हिवाळ्याची उडी सोबत जोडलेल्या आलेखात तशीच ठेवली होती. खाली लिहिलं होतं, "कारण अद्याप सापडलेलं नाही." सरांनी चष्मा वर करून वाचलं.

"अगं, असं चालत नाही. गाईड हयात पाहिजे. उद्या परीक्षकांनी काही विचारलं तर उत्तर कोण देणार?"

"मी देईन सर."

"तू विद्यार्थिनी आहेस."

"प्रोजेक्ट विद्यार्थ्यांचाच आहे सर."

सर हसले. ते वाईट माणूस नाहीत, मॅडम, हे मलाही माहीत आहे. माझी फी भरायची राहिली होती तेव्हा त्यांनीच ऑफिसला थांबायला सांगितलं होतं. म्हणूनच त्यांच्याशी भांडणं जास्त अवघड होतं. ते समजावणीच्या सुरात म्हणाले, "बरं, असं करू. विषय राहू दे तुझा. गाईड म्हणून माझं नाव टाक. आणि पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात मॅडमचं नाव टाकू, 'प्रेरणास्थान' म्हणून. छान दिसेल. मॅडमचाही मान राहील."

त्यांनी स्वतःच्या पेनानं तुमचं नाव खोडलं, त्यावर त्यांचं लिहिलं, आणि वरच्या कोऱ्या जागेत लिहिलं: प्रेरणास्थान, कै. आणि पुढं तुमचं नाव.

चौकातल्या फ्लेक्सवर असतं तसं, मॅडम. वर ढगांमध्ये हार घातलेले फोटो, खाली वाढदिवसवाल्याचा गॉगल. तुम्ही कोणाचंही प्रेरणास्थान नव्हता. प्रेरणास्थान काहीच करत नाही, ते नुसतं वर टांगलेलं असतं. तुम्ही माझ्या प्रत्येक आकड्यावर लाल पेनानं गोल करत होता.

मी त्या "कै."वर बोट ठेवलं.

"सर, कै. म्हणजे काय?"

"कैलासवासी. एवढं माहीत नाही?"

मला माहीत होतं. पण मला ते त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. कारण याच केबिनमध्ये, गेल्या हिवाळ्यात, तुम्ही याच टेबलासमोर उभ्या होतात आणि मी बाहेर बाकावर बसले होते. हिमालयात एक शिबिर होतं. बर्फात खड्डा खणून थराथरानं त्याचं वजन करायचं होतं. अर्ज करणाऱ्यांतून तुमची निवड झाली होती. आतून आवाज आला होता, "जा की मॅडम, अडवतंय कोण? पण तासिकावाल्यांना रजा नसते. तुमचे तास दुसऱ्या कोणाला तरी द्यावे लागतील, आणि मग ते परत मिळतील का, हे मी सांगू शकत नाही." तुम्ही बाहेर आलात, मला म्हणालात, "चल, आलेख काढू." तुम्ही गेला नाहीत.

मी म्हणाले, "सर, कैलासावर बर्फ असतो."

सरांनी मान वर केली.

"जिवंतपणी त्यांना तिकडं आठवडाभर जायला आपण सोडलं नाही. आता कायमचं राहायला पाठवायचं, तेही आपल्याच पेनानं?"

माझा आवाज निघाला, मॅडम. दाराशी शिपाईकाका सहीसाठी कागद घेऊन उभे होते, त्यांना सरांनी हातानंच थांबवलं. मला वाटलं, आता ते ओरडतील, मला बाहेर काढतील, आणि माझं शेवटचं वर्ष इथंच संपेल. मी तरीही उभी राहिले.

ते ओरडले नाहीत. त्यांनी खोडलेला फॉर्म घडी करून बाजूला ठेवला. मग ड्रॉवरमधून नवा कोरा फॉर्म काढून माझ्यापुढं सरकवला.

"भर तुझ्या मनासारखा. परत आला तर माझ्याकडं रडत यायचं नाही."

"नाही येणार सर."

मी तिथंच उभ्यानं भरला. त्यांनी खाली सही केली, शिक्का मारला, तारीख टाकली. मी त्यांना थँक्यू म्हटलं नाही. त्यांनी मला दिलं ते त्यांचं नव्हतंच.

फॉर्म आज सकाळी गेला. परत येईलही कदाचित. आला तर असाच भरून पुन्हा पाठवेन. मार्गदर्शक या शब्दापुढं तुमचं नाव आहे, मॅडम. त्याच्या आधी काहीही लावलेलं नाही. त्याच्या खाली माझं आहे.